किल्ल्या कोणाकडे?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण. छापताना बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला आहे, संघटितपणे काम कसे करावे आणि नेतृत्व कसे असावे. विषय देणाऱ्या पोरांनी बहुतेक माझी गंमत केली आहे. कारण नेतृत्व कसे असू नये याचा नऊ वर्षांचा अनुभव माझ्या गाठीला आहे, आणि तो याच विहारातला आहे. मी काही वक्ता नाही. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून, आणि बाबासाहेबांचे खंड एकेक करून विकत घेऊन. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या, आणि लांबलो तर अध्यक्षांनी खुशाल घंटा वाजवावी.

आधी गिरणीचं सांगतो, कारण मला तेच नीट येतं. १९९० साली वडिलांच्या जागी मी बदली म्हणून रिंग खात्यात लागलो. आधी डॉफर होतो, पुढे सायडर झालो. २०२० च्या टाळेबंदीत आमची मशिनं थांबली ती थांबलीच, त्यामुळे आताच्या पोरांना डॉफर म्हणजे काय ते ठाऊक नसेल. रिंग मशीनवर चारशेच्या वर चात्या असतात आणि प्रत्येक चातीवर एक बॉबिन. सूत गुंडाळत गुंडाळत सगळ्या बॉबिनी साधारण एकाच वेळी भरतात, मग मशीन थांबवतात. मशीन थांबली की डॉफरांची टोळी दोन्ही अंगांनी उभी राहते. भरलेल्या बॉबिनी उपसायच्या, रिकाम्या बसवायच्या, की मशीन परत चालू. दोन-तीन मिनिटांचा खेळ. आठ जणांची टोळी असली तर एकेकाच्या वाट्याला पन्नासेक चात्या येतात. आता यातली गोम बघा. सात जण कितीही चलाख असले तरी आठवा जोवर आपलं उरकत नाही तोवर मशीन हलत नाही. सात जणांची चलाखी तिथे शून्य.

आमच्या पाळीला एक जुना जॉबर होता. नवीन पोरगा आला की बाकीचे जॉबर त्याला शिव्या घालायचे, हा घालत नसे. हा त्याला टोळीच्या मधोमध उभा करी. दोन्ही बाजूंचे गडी आपापलं संपवून त्याच्या चार-चार चात्या काढून देत. महिन्या-दोन महिन्यांत पोरगा तयार. टोकाला उभा केला असता तर मदत एकाच बाजूने मिळाली असती. हे त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, तो आपला अनुभवाने शिकला. आणि एक, तो स्वतः कधी बॉबिनीला हात लावत नसे. आम्हाला राग यायचा, म्हणायचो, बघा, साहेब नुसता उभा. पण कोणाचा हात दुखतोय, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची कोणाशी बोलाचाली बंद आहे, हे सगळं त्याला उभ्या उभ्या दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी टोळीची मांडणी बदललेली असायची. तो स्वतः उपसायला लागला असता तर त्याला पन्नास चात्या दिसल्या असत्या, बाकीच्या साडेतीनशे नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघितलेला मी माणूस, विहाराचा चिटणीस झालो आणि त्या जॉबरला साफ विसरलो.

तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल. नऊ वर्षं पावती पुस्तक माझ्या पिशवीत, कपाटाच्या किल्ल्या माझ्या करगोट्याला. मंडपवाल्याचा नंबर मला पाठ, ध्वनिक्षेपकवाल्याचा नंबर मला पाठ, पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज मीच लिहायचा आणि मीच नेऊन द्यायचा. बैठक बोलवायचो, नाही असं नाही. पण बैठकीत मी जे ठरवून आलेलो असायचो ते वाचून दाखवायचो आणि विचारायचो, कोणाचं काही म्हणणं आहे का? कोण बोलणार? पोरं विचारायची, "काका, आम्ही काय करू?" मी म्हणायचो, "खुर्च्या लावा." पुढच्या वर्षी पुन्हा, "खुर्च्या लावा." त्या पोरांत एक जण एका कंपनीत हिशोबाचं काम करत होता. महिन्याला लाखोंचा ताळेबंद जुळवणारा मुलगा, त्याच्याकडून मी खुर्च्या उचलून घेतल्या. दुसरा आयटीआय केलेला वायरमन. त्याच्या डोळ्यांदेखत मी बाहेरच्या माणसाला पैसे मोजून रोषणाई करून घेतली. हळूहळू ती पोरं येईनाशी झाली. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, आजच्या पिढीला समाजाची तळमळ राहिली नाही. ती एकदा म्हणाली, "तळमळ आहे हो, पण तिला बसायला तुम्ही जागा कुठं ठेवली?" मला ते लागलं. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

मग एका एप्रिलमध्ये मला कावीळ झाली. जयंतीला बारा दिवस राहिलेले. इस्पितळात दाखल व्हावं लागलं आणि मी किल्ल्या तिथेही घेऊन गेलो. उशाखाली! सलाईन चालू, डोळे पिवळे, आणि मी येणाऱ्या प्रत्येकाला निरोप देतोय, मंडपवाल्याला अमुक सांगा, खिरीचे तांदूळ तमुक दुकानातूनच आणा. तिसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या आक्का आल्या. त्या समोरच बसल्या आहेत, नाव घेतलं तर रागावतील. त्यांनी फळं ठेवली, तब्येत विचारली आणि हात पुढे केला. "भाऊ, तुम्ही बरे व्हा. किल्ल्या द्या." मी म्हटलं, आक्का, त्यात पावती पुस्तक आहे, दानपेटी आहे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच मागते." दिल्या. दुसरा इलाजच नव्हता.

जयंती झाली. खोटं कशाला सांगू, चुका झाल्या. मिरवणूक दोन तास उशिरा निघाली. खीर शेवटच्या रांगेला कमी पडली. हिशोबात तीनशे चाळीस रुपये लागेनात. मी अंथरुणावर पडून मनातल्या मनात म्हणत होतो, बघा, मी नसलो की असं होतं. सोळा तारखेला मला सोडलं. रिक्षातून उतरलो तो सरळ विहारात, आणि दारातच थबकलो. भिंतीला एक मोठा कागद चिकटवलेला. वर्गणी किती घरांची आली, कोणी किती दिले, कशाला किती खर्च झाले. आणि खाली लाल शाईने, "रु. ३४० चा हिशोब लागत नाही, कोणास माहिती असल्यास सांगावे." तो कागद त्या हिशोबाच्या पोराने लिहिला होता. शेजारी दुसरा कागद. कामे आणि त्यापुढे नावे. पाणी कोणी भरलं, वायरिंग कोणी केलं, खीर कोणी ढवळली, झाडलोट कोणी केली. चाळीसच्या वर नावं होती. त्यातली पंधरा-वीस माणसं विहाराचं काम करू शकतात हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

मी नऊ वर्षांत एक पैसा खाल्ला नाही. हे तुम्हीही मानता. पण नऊ वर्षांत मी एकदाही हिशोब भिंतीवर लावला नाही. पुढे एकदा त्या पोराला विचारलं, बाबा, तुमचा माझ्यावर अविश्वास होता का? तो म्हणाला, "नाही काका. अविश्वास नव्हता. पण विश्वास ठेवायला आम्हाला काही दिसतही नव्हतं." पुढच्या वर्षी वर्गणी न मागता देणारी घरं वाढली. तीनशे चाळीस रुपयेही सापडले, बर्फवाल्याची पावती खिशात राहून गेली होती.

आता जरा मोठ्या विषयाकडे वळतो, पण धागा तोच आहे.

मी एकट्याने सगळं करायचो तेव्हा कोणी टोकलं तर माझ्याकडे एक हुकमी उत्तर असायचं. मी म्हणायचो, बाबासाहेबांनी तरी काय केलं? घटना एकट्यानेच लिहिली ना? बाकीचे कुठे होते? आपल्या समाजात हे वाक्य फार चालतं, आणि ते निराधारही नाही. मसुदा समितीवर सात जण होते. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घटना समितीत उभं राहून सांगितलं की या सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एक मृत्यू पावले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानाच्या कामात गुंतलेले, एक-दोघे दिल्लीपासून लांब, आणि शेवटी सगळा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. हे बोलणारा माणूस आपला नव्हता, काँग्रेसचा होता, म्हणून त्याला वजन आहे. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा बरी नव्हती, मधुमेहाने शरीर पोखरलं होतं, तरी त्यांनी तो भार पेलला. त्याबद्दल आपण अभिमान बाळगलाच पाहिजे.

पण कावीळ झाली त्या वर्षी घरी पडून असताना मी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण पुन्हा सावकाश वाचलं. घटना समितीतलं त्यांचं ते समारोपाचं भाषण. आपण त्यातला शेवटचा भाग नेहमी वाचतो, सामाजिक लोकशाहीचा, विसंगतीच्या जीवनाचा. सुरुवात कोणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. त्या सुरुवातीला बाबासाहेब काय करतात? श्रेय वाटतात.

ते आधी सांगतात की आपण अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे काही आकांक्षा धरून घटना समितीत आलो नव्हतो. मसुदा समितीवर निवडलं तेव्हा आश्चर्य वाटलं आणि अध्यक्ष केलं तेव्हा तर जास्तच, कारण समितीत अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारखी आपल्याहून मोठी माणसं होती. मग म्हणतात, या श्रेयाचा काही भाग बी. एन. राव यांचा आहे, त्यांनी कच्चा मसुदा तयार केला होता. काही भाग मसुदा समितीच्या सदस्यांचा, ज्यांनी १४१ दिवस बैठका केल्या. आणि त्याहून मोठा वाटा एस. एन. मुखर्जी यांचा. कोण हे मुखर्जी? मुख्य मसुदाकार. सरकारी नोकर माणूस. गुंतागुंतीची कल्पना सोप्या आणि स्पष्ट कायद्याच्या भाषेत मांडण्याची त्यांची हातोटी आणि त्यांची मेहनत, दोन्हींचा बाबासाहेब नाव घेऊन उल्लेख करतात. एवढ्यावर थांबत नाहीत. मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी कधी कधी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत राबले, त्यांनाही विसरत नाहीत. बंधू-भगिनींनो, ज्या माणसाबद्दल सभागृह म्हणत होतं की यांनी एकट्याने ओझं वाहिलं, तो माणूस त्याच सभागृहात उभा राहून आपल्या कारकुनांची आठवण काढतो. मी ते वाचलं आणि खंड मिटून ठेवला. मी वापरत होतो ते उदाहरण माझ्याच विरोधात निघालं.

त्या भाषणात आणखी एक गोष्ट आहे, आणि कार्यकर्त्यांनी ती पुनःपुन्हा वाचावी. कामाचा पसारा केवढा होता बघा. मूळ मसुद्यात ३१५ कलमे. त्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस. बाबासाहेब कबूल करतात की काँग्रेस पक्षाची शिस्त नसती तर हे काम पार पडलं नसतं, नुसता गोंधळ झाला असता. ज्या पक्षाशी ते आयुष्यभर लढले, त्याचं हे ऋण ते मोकळेपणी मान्य करतात. आणि लगेच पुढे म्हणतात की सगळेच त्या शिस्तीपुढे वाकले असते तर मात्र सभा बेचव झाली असती, ती होयबांची सभा ठरली असती. बरं झालं काही बंडखोर होते. आणि मग बंडखोरांची नावं घेतात. कामत, आपले विदर्भातले पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शहा, कुंझरू. यांच्या सूचना मी स्वीकारू शकलो नाही, पण त्यामुळे त्या सूचनांचं मोल कमी होत नाही, असा त्यांचा आशय आहे.

आमच्या बैठकीत कोणी विरोधात बोललं की मी काय म्हणायचो? "तू मागच्या वर्षी वर्गणी किती दिलीस?" झालं, तो माणूस खाली बसायचा आणि मी जिंकायचो. आता विचार करतो, असे किती जण मी खाली बसवले असतील. त्यांच्या सूचना सगळ्याच बरोबर होत्या असं नाही. एकाने तर विहाराच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवून भाडं घ्यावं असं सुचवलं होतं, ते मला आजही पटत नाही. पण ऐकून घ्यायला काय हरकत होती?

एक मुद्दा आणखी, आणि तो जरा कडू आहे. आपण म्हणतो, सगळ्यांचं ध्येय एक पाहिजे. ध्येय एक आहे हे ठरवतो कोण?

१९२८ सालची गोष्ट. मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. माझे आजोबा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे, रिंग खात्यात. माझे वडील रिंग खात्यात. मीही रिंग खात्यात, पण माझ्या वेळेपर्यंत तो नुसता वारसा होता. आजोबांच्या वेळी ती सक्ती होती. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवीन कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तो धोटा एकाने तोंडाला लावलेला, दुसऱ्याने लावायचा. मग अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा कसा चालेल? मालक अन्याय करतो म्हणून खांद्याला खांदा लावून लढणारे कामगार, तेच कामगार विणाई खात्याच्या दारात आपल्या माणसाला अडवायचे. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावलं की सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क मागण्यांत येणार नसेल तर मी त्यांना संपापासून दूर राहायला सांगेन. तेव्हा कुठे, नाइलाजाने, ती मागणी यादीत आली.

काही जण म्हणतील, ऐन लढ्यात हे फूट पाडणं झालं. मला तसं वाटत नाही. फूट होतीच, त्यांनी ती कागदावर आणली. ज्या मागण्यांत माझ्या आजोबांचा वाटा नाही, त्या मागण्यांना आजोबांनी आपलं ध्येय का म्हणावं? उपाशी मात्र सगळ्यांबरोबर राहायचं.

आता हा आरसा आपल्याकडे फिरवू. आपल्या विहाराची घटना काढून बघा. नोंदणी झाली तेव्हापासून कार्यकारिणीत अकरा सदस्य. त्या इस्पितळाच्या प्रकरणापर्यंत त्यात एकही बाई नव्हती. खीर ढवळायला महिला मंडळ, वर्षावासात रोज संध्याकाळी वंदनेला बसायला महिला मंडळ, घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करायला महिला मंडळ. आणि ठराव करायला आम्ही अकरा पुरुष. आमचं ध्येय एक आहे हे आम्ही त्यांना सांगत होतो, विचारत नव्हतो. हा आमचा विणाई खात्याचा दरवाजाच होता, दुसरं काय? आक्का आज खजिनदार आहेत. त्या दिवशी किल्ल्या मागितल्या नसत्या तर झाल्या नसत्या, हे मी कबूल करतो. मी आपणहून काही दिलं नव्हतं.

हे सगळं जुनं उगाळत बसायची मला हौस नाही. आज बोलायचं कारण वेगळं आहे आणि ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आपली चाळ पुनर्विकासात निघाली आहे. दोन वर्षं, तीन वर्षं, किती ते सांगता येत नाही, आपण संक्रमण शिबिरात जाणार, कोणी भाडं घेऊन लांब जाणार. शेजार मोडणार. आणि नव्या इमारतीत विहाराला जागा किती, कुठे, कोणाच्या नावावर, हे आत्ता ठरतं आहे. आपल्यात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, तळमजल्यावर सभागृह मिळतंय ते घ्या. काही म्हणतात, विहार स्वतंत्र जागेवरच पाहिजे, वर माणसं राहतात त्या इमारतीखाली नको. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. माझं मत कोणतं ते मी बैठकीत सांगेन, इथे माईक हातात आहे म्हणून सांगणार नाही.

पण मला काळजी दोन मतांची नाही. काळजी याची आहे की समोरच्या पार्टीचा माणूस आपल्याला दोनदा भेटतो. सोमवारी यांना, गुरुवारी त्यांना. यांना सांगतो ते त्यांना सांगत नाही.

भन्तेजी इथे आहेत, माझं चुकलं तर दुरुस्त करतील. महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी वज्जींची कथा येते. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याने आपला मंत्री वस्सकार याला गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे पाठवलं. भगवंतांनी वस्सकाराला थेट उत्तर दिलं नाही. ते आनंदाला विचारू लागले, वज्जी वारंवार एकत्र जमतात का, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का, वडीलधाऱ्यांचं ऐकतात का, स्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना? असे सात प्रश्न. आनंद प्रत्येकाला हो म्हणाला. वस्सकार काय समजायचं ते समजला. युद्धाने हे हटणार नाहीत, यांच्यात भेद पाडला तरच.

पुढची हकीकत अट्ठकथेत आहे, आणि माझ्या मते ती आपल्यासाठी जास्त उपयोगाची. वस्सकाराने राजाशी भांडण झाल्याचं नाटक केलं आणि वज्जींकडे आश्रयाला गेला. त्याने मोठी कारस्थानं केली नाहीत. तो काय करायचा? एका लिच्छवीला बाजूला घ्यायचा आणि हळूच विचारायचा, शेत नांगरता ना? दोन बैल लावून नांगरता ना? बस, एवढंच. तो परत आला की बाकीचे विचारायचे, काय म्हणत होता? तो खरं ते सांगायचा, शेत नांगरतो का विचारलं. आणि कोणाचा विश्वास बसायचा नाही. एवढ्यासाठी कोणी बाजूला घेतं का? तीन वर्षांत अशी वेळ आली की दोन लिच्छवी एका वाटेने चालेनात. अजातशत्रू चालून आला, नगारा वाजला, आणि कोणीही जमलं नाही.

खोटं बोलणारा वज्जींत एकही नव्हता, हे लक्षात घ्या. बाजूला जाऊन बोलणं झालं, एवढंच पुरलं. म्हणून मी कार्यकारिणीला लेखी अर्ज दिला आहे. पुनर्विकासाच्या बाबतीत समोरच्या पार्टीला कोणीही एकट्याने भेटायचं नाही, मग तो अध्यक्ष असो की मी. भेटायचं तर पाच जणांनी, त्यात दोन्ही मतांचे, त्यात दोन भगिनी. जे बोलणं झालं ते त्याच रात्री लिहून भिंतीवर लावायचं, जसा हिशोब लागतो तसं. आणि ज्याचं मत पडेल त्याचं म्हणणंही इतिवृत्तात नावासकट लिहायचं. परवा एकाने मला विचारलं, पडलेलं मत कशाला लिहायचं? मी म्हटलं, तो पुढच्या बैठकीला यावा म्हणून.

बैठक येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता विहारात आहे. शिबिरात आधीच राहायला गेलेल्या सात घरांना निरोप पोचवायचं काम आयटीआयवाल्या त्या पोराने घेतलं आहे. तो आता पोरगा राहिला नाही, दोन मुलांचा बाप आहे. इतिवृत्ताची वही महिला मंडळाकडे आहे. पावती पुस्तक, कपाट, दानपेटी, सगळं आक्कांकडे. माझ्याकडे विहाराची एकच किल्ली उरली आहे, ती बाहेरच्या नळाच्या पेटीची. पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि त्या वेळी उठायला दुसरं कोणी तयार नाही, म्हणून ती माझ्याकडे आहे. कोणाला हवी असेल तर रविवारी येऊन घ्यावी.

अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही त्याबद्दल आभार. जयभीम. नमो बुद्धाय.